सुनीत लिहायचं कसं आणि सुनीतांची माला लावायची कशी

चौदा ओळी मोजून लिहिल्या की सुनीत (म्हणजे इंग्रजीतलं ‘सॉनेट’) झालं, असं मानून लिहिलेल्या कविता सध्या फोनच्या पडद्यावर खूप दिसतात. ओळी चौदा असतात, शेवटी यमक असतं, कधी वृत्तही चोख असतं. पण आठवी ओळ संपून नववी सुरू होते तेव्हा आत काहीच घडत नाही, आणि चौदाव्या ओळीला आपण पहिलीच्याच जागी असतो. माझ्या मते सुनिताचा जीव कलाटणीत आहे. वृत्त शिकता येतं, यमक जुळवता येतं. विचाराला वळण कुठे द्यायचं हे मात्र प्रत्येक सुनितापुरतं नव्याने ठरवावं लागतं. आणि अशी पंधरा-वीस सुनीतं हाताशी आली की त्यांचा क्रम लावणं हेही त्याच कामाचा भाग असतं. एका सुनिताच्या आत जे वळण असतं, तसंच वळण दोन सुनीतांच्या मधल्या जागेत घडवता येतं.

थोडी पार्श्वभूमी. हा रचनाबंध तेराव्या शतकात सिसिलीत, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात जन्मला. इटालियन कवी पेट्रार्कने चौदाव्या शतकात त्याला प्रतिष्ठा दिली, शेक्सपिअरच्या काळात इंग्रजीत तो पुरता रुजला. मराठीत केशवसुतांनी १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून सुरुवात केली. पुढे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी हा प्रकार मनापासून जोपासला. वृत्तशास्त्राचा सखोल अभ्यास केलेल्या माधव जूलियनांनी १९३८ साली ‘तुटलेले दुवे’मध्ये सुनीतांची मालाच गुंफली. म्हणजे एकटं सुनीत आणि सुनीतांची माला, दोन्हींची वाट आपल्या भाषेत पडलेली आहे.

आधी गद्यात दोन वाक्यं

लिहायला बसल्यावर लगेच वृत्तात शिरू नका. विषय मनात आला की तो दोन साध्या गद्य वाक्यांत लिहून काढा. पहिलं वाक्य आठ ओळींचं काम करेल, दुसरं सहा ओळींचं. दोन्हींच्या मध्ये ‘पण’, ‘तरी’, ‘आता’, ‘म्हणून’, ‘मग’ यांपैकी एखादा शब्द सहज बसला पाहिजे. उदाहरण म्हणून या लेखात एकच विषय शेवटपर्यंत वापरते:

“आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, तिच्यात आई भेटते. आता घरात कुणी गोधडी शिवत नाही, मग माझ्या साड्यांचं काय होणार?”

इथे सांधा ‘आता’ आहे. हे वळण काळाचं आहे, तेव्हाकडून आत्ताकडे. शिवाय शेवटी आणखी एक छोटं वळण आहे, आईकडून स्वतःकडे. एवढं सापडलं की सुनिताचा सांगाडा तयार आहे. दुसरं वाक्य सुचतच नसेल, किंवा सुचलं तरी ते पहिल्याचाच विस्तार असेल, तर तो विषय भावगीताचा असेल, मुक्तछंदाचा असेल, गझलेतल्या एका शेराचाही असेल. त्याला चौदा ओळींत कोंबू नये.

वळणांचे प्रकार ओळखून ठेवले तर पुढे माला लावताना उपयोग होतो. काळाचं वळण, माणसाचं वळण (ती–मी, मी–तू), आकाराचं वळण (अंगणातून गावात, गावातून देशात), युक्तिवादाचं वळण (आठ ओळी एक बाजू, सहा ओळी तिचं खंडन) आणि प्रश्नाचं वळण, जिथे आठ ओळी ठामपणे बोलतात आणि नववी शंका घेते. प्रत्येक सुनिताच्या मसुद्यावर कोपऱ्यात हा प्रकार लिहून ठेवा.

वृत्त निवडताना

मराठी सुनिताने सर्वात जास्त जवळ केलेलं वृत्त म्हणजे शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) म-स-ज-स-त-त आणि शेवटी एक गुरू म्हणजे दीर्घ अक्षर, यती म्हणजे थांबायची जागा बाराव्या अक्षरावर. इंग्रजी सॉनेटची ओळ साधारण दहा अक्षरांची. आपल्याला एकोणीस का लागतात? मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांबतो. दहा अक्षरांत आपले तीन-चार शब्द जेमतेम बसतात आणि विचार अर्धाच राहतो. शार्दूलविक्रीडितात बारा अक्षरांत विधान करता येतं आणि उरलेल्या सातांत त्याला टोक देता येतं. तर्क मांडणाऱ्या कवितेला हे फार सोयीचं आहे.

शिवाय ते आपल्या कानात आधीपासून आहे. लग्नातली पारंपरिक मंगलाष्टकं बहुतेक याच वृत्तात असतात. ज्याने चार लग्नं ऐकली आहेत, त्याला शार्दूलविक्रीडिताची चाल वेगळी शिकवावी लागत नाही. पण त्यातच एक धोका आहे. गाताना आपण ऱ्हस्व अक्षर नकळत ओढून दीर्घ करतो आणि चूक झाकली जाते. म्हणून ओळ आधी चालीत म्हणा, मग चाल सोडून सावकाश वाचा. दोन्ही वेळा टिकली तरच ती ओळ पक्की.

दुसरे पर्यायही आहेत. विरहाला, सावकाश उलगडणाऱ्या आठवणीला मंदाक्रांता (१७ अक्षरं, यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर) शोभते; तिची पहिली चारही अक्षरं गुरू असल्याने ओळ जड पावलांनी सुरू होते. वसंततिलका १४ अक्षरांची, त्यामुळे चौदा ओळी आणि ओळीत चौदा अक्षरं असा नेटका चौकोन मिळतो. नवख्याने भुजंगप्रयातात हात बसवायला हरकत नाही: बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू हा एकच गण चार वेळा, आणि मनाच्या श्लोकांमुळे लय पाठ असतेच. मात्र त्याची घोडदौड इतकी सारखी असते की कलाटणी तिच्याखाली दबते. ज्यांना असं लघु-गुरू मोजून बांधलेलं अक्षरगणवृत्त नकोच आहे त्यांच्यासाठी विंदा करंदीकरांनी मुक्तसुनिताची वाट दाखवून ठेवली आहे. माझा आग्रह एवढाच की आधी काही सुनीतं वृत्तात लिहावीत. वृत्त सोडल्यावर कलाटणी आणखी ठळक असावी लागते, आणि तो हात वृत्तातच तयार होतो.

लघु-गुरू मोजण्याचे बारकावे

गण लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगं’ हे जुनं सूत्र पुरेसं आहे. ज्या गणाचं अक्षर हवं तिथून सलग तीन अक्षरं घ्या: ‘यमाता’ म्हणजे य गण, लघु-गुरू-गुरू, ‘मातारा’ म्हणजे म गण, तिन्ही गुरू. खरी अडचण मराठी उच्चारांत येते.

ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, दीर्घ स्वराचं गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग आला की गुरू. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर त्यावर आघात येत असेल तर गुरू: ‘सत्य’मधला स, ‘वर्ष’मधला व. पण ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांतल्या पहिल्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ती लघुच. लेखी रूप न बघता बोलून बघा, कान बरोबर सांगतो.

‘घर’, ‘मन’, ‘दिवस’ अशा शब्दांत शेवटचा अ आपण बोलताना गिळतो. अक्षरगणवृत्तात तो मोजावाच लागतो. ‘घर’ म्हणजे दोन लघु. ओळीच्या अखेरचं ऱ्हस्व अक्षर मात्र गुरू धरायची परंपरा आहे. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलायची मोकळीक शुद्धलेखनाच्या नियमांनीही कवीला दिलेली आहे. ती जपून वापरावी. एका सुनितात ‘आणि’चं ‘आणी’ आणि ‘नदी’चं ‘नदि’ असं वारंवार दिसलं की वाचक कवितेतून बाहेर पडतो.

टंकलेखनाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्याचा थेट वृत्ताशी संबंध आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत आणि त्यांचं वजनही वेगळं आहे. डोंगरातल्या ‘दऱ्या’मधला द लघु, समुद्राच्या ‘दर्या’मधला द गुरू. कीबोर्डवर ऱ सापडला नाही म्हणून ‘दुसर्‍या’च्या ठिकाणी रफार देऊन मोकळं झालं, की डोळ्याने मोजणाऱ्या वाचकाची ओळ तिथेच अडते. फोनच्या मराठी कीबोर्डवर ‘र’ दाबून धरला की बहुधा ‘ऱ’ मिळतो. तो एकदा शोधून ठेवा.

नववी ओळ आधी

आता प्रत्यक्ष लेखन. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात करत नाही. आधी नववी ओळ लिहिते, मग शेवटच्या दोन, आणि त्यानंतर मागे येऊन पहिल्या आठ. पहिल्या आठ ओळी आधी लिहिल्या तर त्या सुंदर करण्याच्या नादात सगळा विषय तिथेच संपतो आणि उरलेल्या सहा ओळी भरतीच्या होतात. वळण कुठे आहे हे माहीत असलं की आठ ओळी त्या दिशेने आपोआप उतरतात.

गोधडीच्या सुनिताची नववी ओळ ‘आता’ने सुरू व्हायला हवी हे गद्यातच ठरलं होतं. पहिला मसुदा:

आता मात्र घरात कोण शिवते? पेटीत गंजे सुई

मोजून बघा: आ-ता-मा, त्र-घ-रा, त-को-ण, शि-व-ते. म, स, ज, स बरोबर पडले. बाराव्या अक्षरावर यती आली आणि तिथेच प्रश्न संपला. पुढे पे-टी-त, गं-जे-सु, ई. वृत्त निर्दोष आहे, तरी ‘गंजे’ खटकतं. असं रूप आज कुणी बोलत नाही. ते केवळ अक्षर वाचवण्यासाठी आलेलं आहे. ‘वदे’, ‘नसे’, ‘परी’ अशा शब्दांनी आजचं सुनीत एकदम शंभर वर्षं मागे जातं. म्हणून बदल:

आता मात्र घरात कोण शिवते? गंजून गेली सुई

यतीनंतरची अक्षरं सातच, गण तेच. पेटी गेली, पण ती तशीही फक्त जागा भरत होती. जुनं क्रियारूप आलं की ओळीतला कमी महत्त्वाचा शब्द शोधून तोच काढायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्रियापद आजच्या बोलीत पूर्ण लिहायचं. बहुतेक वेळा जमतं.

शेवटच्या दोन ओळींत स्वतःकडे वळायचं होतं:

माझ्याही पदरात ऊब असते, जाते कपाटात ती;
साड्यांच्या चवडीत वर्ष सरते, मोजायचे मी किती?

आता पहिली ओळ. मनात वाक्य होतं, ‘आईच्या लुगड्याची ऊब अजून आहे’. आ-ई-च्या गुरू-गुरू-गुरू, लु-ग-ड्या लघु-लघु-गुरू (इथे ‘ड्या’च्या आधीच्या ग वर आघात नाही), पण सातवं अक्षर लघु हवं आणि ‘ची’ गुरू आहे. ‘लुगड्याची’ बसत नाही म्हटल्यावर ‘लुगड्यात’ आलं, आणि त्यापुढे गुरू-लघु-लघु-लघु-गुरू या जागेत ‘ऊब उरली’ हे शब्द येऊन बसले:

आईच्या लुगड्यात ऊब उरली ती गोधडीच्या तळी,
टाक्यांच्या वळणांत बोट फिरता ती भेटते वेगळी.

‘अजून आहे’ची जागा ‘उरली’ने घेतली. त्या एका शब्दात आई गेल्याचं न सांगता आलं. वृत्ताशी झगडताना असं पुष्कळदा होतं. जो शब्द आपण आणला तो वृत्त नाकारतं, आणि शोधताना जो सापडतो तो अर्थाला अधिक नेमका असतो. मात्र सापडलेला शब्द अर्थ बिघडवत असेल तर ओळच मोडून नव्याने लिहावी. वृत्तासाठी अर्थ सोडू नये.

उरलेल्या ओळींत गोधडीतली ठिगळं, कुठलं लुगडं कुठल्या सणाचं, उन्हात वाळत घातल्यावरचा वास, असे तपशील यावेत. पहिल्या आठ ओळींत ठोस वस्तू जितक्या जास्त, तितकी कलाटणी जोरदार. अमूर्त शब्द (माया, ममता, आठवण, काळ) मी पहिल्या आठ ओळींत शक्यतो येऊच देत नाही.

यमकाबद्दल थोडक्यात. पेट्रार्कच्या पद्धतीत पहिल्या आठ ओळींत दोनच यमकं अबबअ अबबअ अशी येतात. शेक्सपिअरच्या पद्धतीत अबअब कडकड इफइफ आणि शेवटी गग. मराठीत दोन-दोन ओळींची यमकंही सहज शोभतात, वरच्या ओळींत तीच आहेत. आपल्याकडे यमक मिळणं सोपं आहे, कारण क्रियापदांचे आणि विभक्तीचे शेवट सारखे असतात: येते-जाते, घराला-मनाला. असं प्रत्ययाचं यमक कानाला मिळतं पण मनाला काही देत नाही. शक्यतो वेगवेगळ्या जातीचे शब्द जुळवा. ‘तळी’ आणि ‘वेगळी’मध्ये एक नाम आहे, एक विशेषण.

मसुदे आणि तक्ता

प्रत्येक सुनिताची स्वतंत्र फाइल करा आणि तिला पहिल्या दोन शब्दांचं नाव द्या. जुना मसुदा पुसू नका. खाली ढकला आणि वर नवा लिहा. काढून टाकलेली ओळ पुष्कळदा दुसऱ्याच सुनितात जागा शोधते.

दहा-बारा सुनीतं झाली की एक तक्ता तयार करा. रकाने असे: पहिली ओळ, नववी ओळ, शेवटचा शब्द, वृत्त, वळणाचा प्रकार, कोण बोलतं, कोणाशी बोलतं, ऋतू किंवा वेळ. मग फक्त नवव्या ओळींचा रकाना वरून खाली वाचत जा. सगळ्या ‘पण’ने सुरू होत असतील, किंवा चार सलग सुनीतं काळाचंच वळण घेत असतील, तर ते इथे दोन मिनिटांत दिसतं. कविता वाचून ते कळायला महिने जातात.

माला लावताना

क्रम लावणं हे कवीचंच काम आहे, आणि ते किती गंभीरपणे करता येतं याचा दाखला पेट्रार्क. त्याच्या संग्रहात ३६६ कविता आहेत, त्यांतली ३१७ सुनीतं. आयुष्याच्या अखेरपर्यंत तो क्रम बदलत राहिला. शेवटच्या ३१ कवितांना त्याने समासात नवे आकडे घालून त्यांची जागा फिरवली. सगळा संग्रह दोन भागांत आहे, आणि त्यांच्या मध्ये त्याच्या प्रेयसीचा, लॉराचा मृत्यू उभा आहे. म्हणजे सुनिताच्या आत असलेली कलाटणी त्याने आख्ख्या ग्रंथाला दिली. उलट शेक्सपिअरची १५४ सुनीतं १६०९ साली छापली गेली, पण तो क्रम त्याचा की प्रकाशकाचा यावर अभ्यासक आजही वाद घालतात. आपला क्रम आपणच लावून लिहून ठेवावा, हे त्यातून घेण्यासारखं.

मालेची कडक बांधणी हवी असेल तर सुनीतांचा मुकुट करता येतो. सात सुनीतं, प्रत्येकाची शेवटची ओळ पुढच्याची पहिली ओळ होते, आणि सातव्याची शेवटची ओळ पहिल्याच्या पहिल्या ओळीला येऊन मिळते. त्याहून अवघड म्हणजे पंधरा सुनीतांची माला, ज्यात पंधरावं सुनीत आधीच्या चौदांच्या पहिल्या ओळींनी बनतं. स्लोव्हेन कवी फ्रान्त्से प्रेशेरेनने १८३४ साली अशी माला प्रसिद्ध केली, आणि तिच्या पंधराव्या सुनिताच्या आद्याक्षरांत आपल्या प्रेयसीचं नाव गुंफलं. हे करायचं असेल तर पंधरावं सुनीत सर्वात आधी लिहा. दुसरा मार्ग नाही.

मोकळी माला लावताना मी सगळी सुनीतं कागदावर छापून जमिनीवर पसरते. पडद्यावर एका वेळी एकच कविता दिसते आणि क्रम डोळ्यात राहत नाही. मग एकाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ एवढंच मोठ्याने वाचत जाते. गोधडीचं सुनीत ‘मोजायचे मी किती?’ या प्रश्नावर संपतं. त्यापुढे दिवाळीच्या खरेदीचं सुनीत ठेवलं तर प्रश्नाला बोचरं उत्तर मिळतं. मुलीच्या परदेशातल्या घराचं ठेवलं तर तोच प्रश्न एकाकी होतो. दोन्ही कविता तशाच राहतात, बदलतो तो मधला अर्थ. इथेच सर्वात जास्त वेळ द्या.

काही गोष्टी मी पाळते. सर्वात चांगलं सुनीत पहिलं ठेवत नाही, तिसरं-चौथं ठेवते. पहिल्या जागी साधं, दार उघडणारं हवं. एकाच प्रकारची वळणं शेजारी येऊ देत नाही. अवघड सुनितानंतर हलकं नसलं तरी मोकळा श्वास घेता येईल असं काहीतरी यावं. आणि दोन सुनीतं तेच वळण त्याच वस्तूवर घेत असतील तर एक काढून टाकते, मग ते कितीही आवडतं असो.

पडद्यावर मांडताना

एकोणीस अक्षरांची ओळ फोनच्या रुंदीत सहसा मावत नाही. ती वाटेल तिथे तुटते, आणि चौदा ओळींच्या सव्वीस-सत्तावीस होतात. तुटणार असेल तर ती आपण तोडावी: बाराव्या अक्षरावर, यतीपाशी, आणि उरलेली सात अक्षरं थोडी आत सरकवून. वाचकाला लय दिसते आणि मूळ ओळ कुठे संपते हेही कळतं. आठव्या आणि नवव्या ओळीत एक रिकामी ओळ सोडा.

चित्रावर अक्षरं छापून कविता टाकायची पद्धत आहे. सुनितासाठी ती टाळावी. चित्रातली ओळ सहसा शोधता येत नाही, अक्षर सोयीने मोठं करता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला ती बहुधा नीट वाचून दाखवता येत नाही. साधा मजकूर ठेवा, सोबत आपल्या आवाजातलं वाचन जोडा. वृत्ताशी ओळख नसलेल्या तरुण वाचकाला वाचनातून लय लगेच सापडते.

पुस्तकाचा वाचक पहिल्या पानापासून येतो, पडद्यावरचा वाचक मालेत कुठेही उतरतो. कुणीतरी त्याला सातवं सुनीत पाठवलेलं असतं, आधीची सहा त्याने पाहिलेली नसतात. म्हणून प्रत्येक सुनितातली ‘ती’, ‘तो’, ‘ते घर’ त्या चौदा ओळींतच कळली पाहिजेत. प्रत्येकावर मालेचं नाव आणि क्रमांक द्या, खाली मागच्या-पुढच्या सुनिताकडे जाण्याची सोय ठेवा. नंतर एखादं सुनीत मालेतून काढलंत तर बाकीच्यांचे क्रमांक बदलू नका. लोकांनी एकमेकांना पाठवलेले दुवे त्या क्रमांकांवर उभे असतात. रिकाम्या जागी नवं सुनीत येईपर्यंत तिथे ‘हे सुनीत मागे घेतलं आहे’ एवढं लिहून तारीख टाका.